दीड तासाचें गांव

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी शिंदवण्याचा घाट ओलांडून नीरेच्या खोऱ्यांत उतरली, कीं डब्यांतील मंडळींच्या शिदोऱ्या सुटूं लागतात आणि ओळखी निघतात, असा माझा लहानपणापासूनचा अनुभव. २०२२ सालच्या मार्गशीर्षांत याच वाटेनें मी किर्लोस्करवाडीस निघालों, तेव्हां शिदोऱ्या सुटल्या. ओळखी मात्र निघाल्या नाहींत. समोरच्या बांकावरील चौघेहि गृहस्थ आपापल्या मोबाईलमध्यें मान घालून बसले होते. त्यांना नांवें ठेवावयास मी मोकळा होतों असें नव्हे. पांचवा मीच होतों. वाठार केव्हां गेलें आणि सातारा केव्हां आला, हें मला कळलें नाहीं. कऱ्हाडास चहावाल्यानें खिडकीच्या गजावर टकटक केली, तेव्हां कोठें मान वर झाली.

प्रवासाचें कारण सांगतांना मला संकोच वाटतो, परंतु तें सांगितल्यावांचून पुढील हकीकत उमजणार नाहीं. माझी वडील बहीण अक्का किर्लोस्करवाडीस एकटीच राहते. भावोजींची सारी नोकरी तेथील कारखान्यांत झाली. त्यांच्या पश्चात् तिनें पुण्यास यावें म्हणून आम्हीं कितीहि आग्रह केला, तरी वाडी सोडावयास ती राजी झाली नाहीं. त्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस तिला डेंगूचा ताप आला, आणि ती तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती. मला ही वार्ता कळली ती महिन्यानंतर, एका लग्नांत, एका चुलत भावाच्या तोंडून. ‘अक्का आतां हिंडूं फिरूं लागली ना?’ असें त्यानें सहज विचारलें, आणि मीं काय उत्तर द्यावें तें मला सुचेना.

वास्तविक बातमी माझ्या खिशांतच होती. आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. त्यावर नित्य सकाळीं फुलांचीं चित्रें आणि सुप्रभात यांचा असा कांहीं पूर येतो, कीं मीं त्याचा आवाज कायमचा बंद करून ठेवला होता. त्या फुलांच्या राशींत अक्काच्या दोन ओळी होत्या : ताप आहे, अंग फार दुखतें, शेजारच्या बाई डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. खालीं सतरा जणांनीं हात जोडल्याचीं चिन्हें टाकिलीं होतीं. त्यांत माझें नव्हतें, एवढेंच.

त्या तीन आठवड्यांत मी काय करीत होतों, तेंहि सांगून टाकतों. मला कांहीं वर्षांपासून मोडी लिपीचा नाद आहे. त्याच नादाच्या मंडळींचा आमचा दुसरा एक ग्रुप आहे. कोणीं आपल्या माळ्यावरील जुन्या पत्राचें छायाचित्र पाठवावें आणि इतरांनीं तें लावून द्यावें, असा त्याचा क्रम. इंदूर, बडोदें, तंजावर, शिकागो अशा दूरदूरच्या गांवची मंडळी त्यांत आहेत. हे लोक खरोखर गुणी आहेत. तंजावरच्या गृहस्थांनीं मला तिकडील मोडीचें वळण ज्या चिकाटीनें शिकविलें, ती चिकाटी माझ्या शाळेंतील एकाहि गुरुजींनीं दाखविली नव्हती. त्या दिवसांत एका पत्रांतील शुहूर सनावरून आमच्यांत वाद माजला होता. अक्षर ‘खमस’ आहे कीं ‘खमसैन’? पहिल्याचा अर्थ पांच, दुसऱ्याचा पन्नास. म्हणजे शेपटीच्या एका फरकाट्यानें पत्र पंचेचाळीस वर्षें मागेंपुढें होणार. मी रोज रात्रीं आठापासून अकरापर्यंत या खमसैनासाठीं लढत होतों. शिकागोच्या गृहस्थांचा गुडघा दुखतो, त्यांना कोणत्या तेलानें उतार पडतो, हें मला तपशीलवार ठाऊक होतें.

अशा स्थितींत मी वाडीच्या स्टेशनावर उतरलों. वाटेंत शेणोली लागलें होतें. १९४३ च्या जून महिन्यांत प्रतिसरकारच्या तुफान सेनेनें सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली, तें हेंच शेणोली. हा सारा मुलूख त्या चळवळीचा. गांवानें एकत्र बसून निवाडा करावा आणि तो सर्वांनीं पाळावा, ही रीत येथें त्या दिवसांत चांगली मुरलेली होती. वाडीची कथा निराळी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंधच्या संस्थानांत, कुंडल रोड नांवाच्या आडरानांतील स्टेशनाजवळ, निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. पुढें येथूनच ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ हीं मासिकें निघालीं. आमच्या आईच्या लहानपणीं घरांत ‘स्त्री’चा अंक आला, कीं आधीं कोणीं वाचावयाचा यावरून तिच्या आत्यांत भांडणें होत, असें ती सांगे. छापील अंकांत डोकें खुपसून बसणाऱ्या सुनांविषयीं त्या काळच्या सासवा जें बोलत, तेंच आज आपण मोबाईलविषयीं बोलतों काय, अशी शंका मला पुष्कळदां येते. पण अंक महिन्याला एकदां येई आणि संपत असे, हाहि फरक आहेच.

अक्का रागावली असती तर बरें झालें असतें. तिनें दार उघडलें, हातांतील पिशवी घेतली, पाय धुवावयास पाणी दिलें. ती फार वाळली होती. मनगटावरील बांगड्या कोपराकडे सरकत होत्या. चहाचा पेला पुढें ठेवून ती म्हणाली, “अरे, तुझ्या त्या सनाचा निकाल लागला का?”

तिला हें कसें कळलें म्हणून मी चकित झालों. आमच्या सौभाग्यवतीनें तिला कधींतरी सांगितलें होतें, असें मागाहून समजलें. निकाल ‘खमस’ असा लागला होता. म्हणजे मी हरलों होतों. तेंहि मीं तिला सांगितलें. ती हंसली आणि पोळ्या करावयास उठली.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं तिनेंच विषय काढला. “आलाच आहेस तर मोहित्यांच्या वडगांवचा भोंगा ऐकून ये. वर्तमानपत्रांत येऊन गेलें त्याचें. शेजारचा मुलगा तिकडे आपली गाडी घेऊन जाणार आहे, तो नेईल.” हा उपदेश होता कीं केवळ पाहुण्याची करमणूक, तें तिच्या चेहऱ्यावरून मला ओळखतां आलें नाहीं.

कुंडल मागें टाकून आम्ही सागरेश्वरच्या डोंगराकडे वळलों. हें अभयारण्य मनुष्यांनीं लावून वाढविलेलें आहे. उघड्या बोडक्या डोंगरांवर झाडें लावून, सांबरें, चितळें, काळविटें आणून सोडून तें उभें केलें, आणि १९८५ सालीं त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. या कामीं वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. डोंगर उतरतांच देवराष्ट्रें लागतें. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजीं या गांवीं त्यांच्या आजोळीं झाला. पलीकडे उंसाचे फड सुरू होतात. एके काळीं पावसाकडे डोळे लावून बसणारी ही जमीन कृष्णेचें उचललेलें पाणी आल्यावर उंसानें भरून गेली. गळिताचा हंगाम चालू होता. उंसानें भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागें आम्हांस कितीतरी वेळ मुंगीच्या पावलानें जावें लागलें.

मोहित्यांचें वडगांव हें कडेगांव तालुक्यांतील सुमारें तीन हजार वस्तीचें गांव. आम्ही पोंचलों तेव्हां दिवस मावळला होता. धारा काढून झाल्या होत्या, आणि बहुतेक घरांतून दूरदर्शनवरील मालिकांचे सूर एकांत एक मिसळून बाहेर येत होते. शेजारच्या मुलाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या ओसरीवर आम्ही टेकलों. घरचे आजोबा ऐंशीच्या घरांत होते. “च्या घ्या पावनं, भोंगा व्हायला अजून येळ हाय,” असें म्हणून त्यांनीं जी हकीकत सांगितली ती थोडक्यांत अशी :

२०२० सालीं कोरोनामुळें शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाईलवरून सुरू झालें. ज्यांच्या घरीं मोबाईल नव्हता त्यांनींहि मुलांसाठीं घेतला. शाळा पुन्हां उघडल्या, पण मुलांच्या हातांतून तो सुटेना. वाचणें-लिहिणें त्यांना नकोसें झालें, आणि शिक्षक तक्रार करूं लागले. इकडे वडील मंडळीहि सायंकाळीं त्याच नादांत. गांवच्या घरांतून अभ्यासाची निराळी खोली कोठून असणार? ज्या खोलींत मालिका तिथेंच पाटी. त्या वेळचे सरपंच विजय मोहिते यांनीं कांहीं वेळ हीं सर्व यंत्रें बंद ठेवण्याची कल्पना मांडली, तेव्हां पुरुष मंडळींनीं ती हंसण्यावारी नेली. मग बायकांची सभा भरली. आपणहि मालिकांपायीं फार वेळ घालवितों, हें बायकांनींच मोकळेपणानें कबूल केलें, आणि तेथें गोष्ट ठरली. देवळावर भोंगा बसविला. १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळीं सातला तो एकदां वाजे आणि साडेआठला पुन्हां. या दोन भोंग्यांच्या मधें गांवानें मोबाईल आणि दूरदर्शन बंद ठेवावयाचें.

“मी बी हंसलोच हुतो आदुगर,” आजोबा म्हणाले.

सातला भोंगा झाला. साखर कारखान्याचा भोंगा ज्यांनीं ऐकला आहे त्यांना त्या आवाजाचें नवल नाहीं. नवल त्यानंतरच्या क्षणाचें. समोरच्या घरांतील सासू सुनेला कांहीं तरी भयंकर बोलत होती, ती वाक्याच्या मध्येंच थांबली. मग शेजारचें घर गप्प झालें, मग पलीकडचें. आणि ज्या आवाजांखालीं दबून राहिलेले इतके आवाज असतील अशी मला कल्पना नव्हती, ते एकेक करून वर आले : भाकरी थापल्याचा, गोठ्यांतील दावणीचा, कुठेंतरी पाढे म्हटल्याचा. गल्लींतून दोन बायका विजेरी घेऊन फिरत होत्या. आशा ताई, अंगणवाडीच्या सेविका, ग्रामपंचायतीचे नोकर आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन मुलें अभ्यासास बसलीं कीं नाहीं तें पाहत असत, त्यांपैकीं त्या होत्या. त्यांतील एकीनें माझ्या हाताकडे विजेरीचा झोत टाकला आणि ती म्हणाली, “पावनं, तुमचाबी बंद करा.” मी शाळकरी पोरासारखा ओशाळलों आणि यंत्र बंद करून खिशांत टाकिलें.

पुढला अर्धा तास माझा हात पुनःपुन्हां खिशाकडे जात होता. प्रथम मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. मग मोजूं लागलों. अकरा वेळां गेला. तंबाखू सोडणाऱ्या माणसाची अशी अवस्था मीं पाहिली होती, पण आपण त्याच पंक्तीला बसूं असें वाटलें नव्हतें.

घरचा नातू सातवींत होता. त्याच्या वहीवर मीं त्याचें नांव मोडींत लिहून दाखविलें. हात न उचलतां लिहिलेली ती ओळ पाहून तो आजोबांकडे धांवला. आजोबांनीं बराच वेळ ती निरखिली. मग कांहीं न बोलतां ते आंत गेले आणि ट्रंकेंतून धोतराच्या फडक्यांत बांधलेला एक कागद घेऊन आले. “हे असंच हाय न्हवं? आमच्या बापालाबी वाचता येत नव्हतं.”

दिव्याखालीं कागद पसरला. शके १८०१, प्रमाथीनाम संवत्सरे. दोघां भावांनीं एका विहिरीवरील मोटेच्या पाळ्या वांटून घेतल्याचें तें लेखपत्र होतें : थोरल्यानें दिवस उगवल्यापासून दोन प्रहरपर्यंत मोट धरावी, धाकट्यानें तेथून दिवस मावळेपर्यंत, अमावास्येस मोट कोणींच धरूं नये. मी एकेक ओळ लावीत गेलों आणि सारें घर भोंवतीं जमलें. एके ठिकाणीं मात्र अडलों. विहीर कोणत्या जमिनींत, तो शब्द ओल लागून पुसट झाला होता. पहिलें अक्षर धड दिसत नव्हतें. बारावे वेळीं माझा हात खिशाकडे गेला. छायाचित्र घेऊन ग्रुपवर टाकावें, तंजावरकर हें चुटकीसरशीं सांगतील, असें मनांत आलें. पण साडेआठास पुष्कळ अवकाश होता. मी अडखळत वाचलें, “...लीचा टुकडा. नालीचा? मालीचा?”

“तालीचा टुकडा!” आजोबा ओरडले. “अवो, अजून त्येच नांव हाय त्याला. ताल फुटली हुती म्हनून माझ्या चुलत्यानं दगडं घातली. हीर तवाच बुजली.” मग त्या जमिनीची, त्या भावांची, धाकट्याचा वंश कुठें गेला त्याची हकीकत निघाली. ही हकीकत इंदूर, बडोदें, तंजावर आणि शिकागो येथील सर्व विद्वान् एकत्र येऊनहि सांगूं शकले नसते. नातू मध्येंच विचारी, मोट म्हणजे काय? सून चुलीपासून उठून आली होती, तिची भाकरी करपली.

साडेआठला भोंगा वाजला आणि समोरच्या घरांतील सासूनें आपलें भांडण पुढें चालू केलें. हें पाहून मला किंचित् वाईट वाटलें. इतक्यांत आजोबाहि उठले. “बसा पावनं,” ते म्हणाले, “आज कुस्त्या लागल्यात,” आणि नातवाच्या हातांतून मोबाईल घेऊन ते कोपऱ्यांत गेले. कागद तसाच दिव्याखालीं पडला होता. मीं तो घडी करून फडक्यांत बांधला.

परत येतांना मी मनाशीं बेत रचीत होतों. असा भोंगा प्रत्येक गांवीं, प्रत्येक पेठेंत हवा. (पुढें २०२५ सालीं जपानांतील तोयोआके नगरानें, काम आणि अभ्यास वगळून मोबाईलवर दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ घालवूं नये, असा नियम केला; मोडणाऱ्यास दंड मात्र ठेविला नाहीं.) अक्कालाहि सांगावें, कीं तूंसुद्धां संध्याकाळीं हें यंत्र बाजूस ठेव. घराशीं पोंचलों तेव्हां नऊ वाजून गेले होते. दार नुसतें लोटलेलें होतें. आंत अक्का पाटावर बसली होती, मोबाईल देवघराच्या पायरीला टेकवून ठेवलेला, आणि त्यांतून दहा-बारा बायकांच्या आवाजांत मनाचे श्लोक चालले होते. कोणाचा आवाज पुढें, कोणाचा मागें. एकीचा तर पूर्ण श्लोकभर उशिरां येत होता. मला पाहून अक्कानें तोंड न थांबवितां हाताचा पंजा वर केला : गप्प बस. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलों.

तें संपल्यावर तिनें सांगितलें. बेळगांव, हुबळी, दादर आणि एक न्यू जर्सी. बहुतेक साऱ्या एकट्या. कोरोनाच्या दिवसांत हें मंडळ जमलें. तिचा ताप वाढला त्या रात्रीं ती नऊला आली नाहीं, म्हणून हुबळीच्या बाईंनीं फोन केला. तिनें तो उचलला नाहीं, तेव्हां त्यांनींच वाडींत कोणाकोणाचे नंबर मिळवून शेजारच्या बाईंना उठविलें. “त्यांना मीं कधीं पाहिलेलें नाहीं रे,” अक्का म्हणाली, “पण त्यांनीं दार ठोठावलें असंच म्हणायचं.”

मीं वाटेंत रचलेला बेत तिला सांगितला नाहीं. वडगांवांत यंत्र बंद केलें कीं गल्ली उरते, ओसरी उरते, कागद घेऊन येणारा आजोबा उरतो. वाडींतील त्या तीन खोल्यांत सातचा भोंगा वाजला असता, तर काय उरलें असतें? मग मला माझा ग्रुप आठवला. तोहि वाईट नव्हे. पण माझ्या घरीं तर माणसें होतीं, आणि मला फोन करून उठविणारी अक्काहि होती. तिनें फोन केला नाहीं त्याचें कारण मीं विचारलें. “दोनदां केला होता,” ती म्हणाली. “तूं कामांत आहेस म्हणालास. मग म्हटलं, असेल.”

तें काम कोणतें, हें आम्हां दोघांनाहि ठाऊक होतें.

पुण्यास परतल्यावर मीं जुनें गजराचें घड्याळ काढलें आणि सात ते साडेआठ असा घरापुरता नेम सुरू केला. सौभाग्यवतीनें दोन दिवस कौतुक केलें. तिसऱ्या दिवशीं, तिच्या माहेरचे फोन नेमके त्याच वेळीं येतात, अशी हरकत घेतली. मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्या प्रायश्चित्तांत आम्ही कशाला? शेवटीं नेम माझ्या एकट्यापुरता उरला. तोहि कधीं मोडतो; नव्या पत्राचें छायाचित्र आलें असेल तर हटकून मोडतो. शिकागोकरांची निराळीच तक्रार आहे : आठाची बैठक ही त्यांची सकाळच्या कॉफीची वेळ, आणि मी उशिरां येऊं लागल्यापासून त्यांना वाद घालावयास कोणी मिळत नाहीं. कुटुंबाच्या ग्रुपचा आवाज मीं पुन्हां चालू केला आहे. सकाळीं साडेपांचापासून फुलें येतात.

अक्काला मी रोज रात्रीं फोन करूं लागलों. पंधरा दिवस तिनें तो घेतला. सोळाव्या दिवशीं म्हणाली, “अरे, रोज नऊला कशाला करतोस? श्लोक अर्धे राहतात. रविवारीं दुपारीं कर, आणि जमलं तर ये. तुझा तो विहिरीचा कागद मला नीट सांगायचा राहिलाय.”